मुक्कामाची रीत

सह्याद्रीत पाण्याकाठी तंबू ठोकून रात्र काढणं ही एके काळी मोजक्या भटक्यांची गोष्ट होती. पाठीवर सॅक, प्यायला गडावरच्या टाक्याचं पाणी आणि पाठ टेकायला एखादी गुहा नाहीतर देवळाचा सभामंडप, एवढ्यावर त्यांची रात्र निभायची. गो. नी. दांडेकरांची ‘दुर्गभ्रमणगाथा’ अशाच मुक्कामांच्या शिदोरीवर उभी आहे. आज शनिवारी दुपारी मुंबई-पुण्याहून निघालेली कुटुंबं संध्याकाळपर्यंत पवनेच्या, भंडारदऱ्याच्या, मुळशीच्या, तापोळ्याच्या काठावर पोचतात. तंबू आधीच उभे असतात, गाद्या घातलेल्या असतात, चुलीवर रस्सा रटरटत असतो. आणखी चार पैसे मोजले, तर लाकडी चौथऱ्यावरचा प्रशस्त तंबू, आत पलंग, मागे जोडून न्हाणीघर, असा ग्लॅम्पिंगचा थाटही मिळतो.

ही गर्दी वाढली याचा मला आनंद आहे. डोंगर दिवसा पाहिला आणि रात्री पाहिला नाही, तर तो अर्धाच पाहिला. पहाटे पाण्यावर धुकं कसं उतरतं, दरीतला वारा रात्री दिशा कशी बदलतो, चांदणं नसलेल्या रात्री कड्याची कडा कुठून ओळखायची, या गोष्टी मुक्कामाशिवाय कळत नाहीत. ज्या मुलाने असं काही अनुभवलं, ते मूल पुढे डोंगराच्या बाजूने उभं राहील, असा माझा विश्वास आहे. पण तो विश्वास खरा ठरायचा, तर मुक्कामाची रीत शिकावी लागेल. कुठे जावं याच्या याद्या हल्ली कुठेही सापडतात. जिथे जायचं तिथे कसं राहावं, हे सांगणारं लेखन मराठीत फार थोडं आहे. ही उणीव या पुस्तकाने मनावर घेतली, म्हणून मी ही प्रस्तावना आनंदाने लिहितो आहे.

सुरुवात पाण्यापासून करायला हवी. लोणारसारखा अपवाद सोडला, तर महाराष्ट्राच्या डोंगरांत आपण ज्यांना तळी म्हणतो, ते जवळजवळ सगळं माणसाने अडवलेलं पाणी आहे. महाबळेश्वरचं वेण्णा तळंसुद्धा साताऱ्याच्या आप्पासाहेब महाराजांनी १८४२ साली बांधवून घेतलेलं. भंडारदऱ्याला प्रवरेवर दगडी धरणाचं काम १९१० साली सुरू झालं आणि १९२६ साली पुरं झालं. मुंबई इलाख्याचे तेव्हाचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांचं नाव धरणाला मिळालं, मागच्या पाण्याला आर्थर लेक म्हणू लागले, आणि त्या अकरा टीएमसी पाण्यावर खाली प्रवरेच्या खोऱ्यात ऊस उभा राहिला. मुळशीचं धरण टाटांनी विजेसाठी बांधलं. पवनेचं पाणी पिंपरी-चिंचवडची तहान भागवतं. कोयनेच्या शिवसागरात एकशे पाच टीएमसी पाणी मावतं आणि त्याच्या एका फाट्यावर तापोळा, दुसऱ्यावर बामणोली वसली आहे.

म्हणजे आपण जिथे खुर्ची टाकून सूर्यास्त पाहतो, ते एखाद्या गावाचं वरचं शिवार असतं. खालचं शिवार, भातखाचरं, विहिरी, घरांची जोती पाण्यात गेली. मुळशी पेट्यातल्या शेतकऱ्यांनी १९२१ साली धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. त्याच लढ्याने पांडुरंग महादेव बापटांना ‘सेनापती’ ही पदवी दिली. शेवटी धरण झालंच. मावळात पवनेचं पाणी बंद जलवाहिनीतून शहराकडे नेण्याला विरोध करणाऱ्या शेतकऱ्यांवर ९ ऑगस्ट २०११ रोजी द्रुतगती मार्गावर बऊरजवळ गोळीबार झाला आणि तिघांचा जीव गेला. आज पवनेकाठी पिठलं-भाकरी वाढणाऱ्या घरांत ही आठवण जिवंत आहे. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की पवनेच्या पोटातलं जुनं वाघेश्वराचं देऊळ उघडं पडतं आणि माणसं दर्शनाला जातात. पाण्याकाठी येणाऱ्याला हा इतिहास ठाऊक असला, म्हणजे ‘व्ह्यू’ म्हणून दिसणाऱ्या गोष्टीला माणसांचे चेहरे येतात.

हा इतिहास जीव वाचवायलाही उपयोगी पडतो. धरणाच्या काठाला समुद्रकिनाऱ्यासारखा हळूहळू उतरत जाणारा तळ नसतो. खाली बुडालेल्या खाचरांचे बांध आहेत, जुन्या विहिरी आहेत, झाडांचे बुंधे आहेत, वर्षानुवर्षं साचलेला गाळ आहे. दोन पावलं गुडघाभर पाण्यात टाकावीत आणि तिसरं पाऊल पुरुषभर पाण्यात जावं, अशी ती जमीन. गाळात पाय रुतला की पट्टीचा पोहणाराही घाबरतो. दर वर्षी तरुण मुलं बुडाल्याच्या बातम्या येतात, त्यांच्यामागे बहुतेक वेळा ही न दिसणारी जमीन असते, आणि पुष्कळदा दारूही. तेव्हा पहिला नियम अगदी साधा: गावच्या माणसाने ‘इथे उतरू नका’ म्हटलं की उतरायचं नाही. नावेत बसायचं तर लाइफ जॅकेट अंगात घालून, पट्टे आवळून.

काठाची जागाही वर्षभर बदलत असते. पावसाळ्याच्या अखेरीस धरण तुडुंब असतं, मग पाणी सोडत सोडत मे महिन्यापर्यंत काठ कितीतरी मागे सरकतो. मधल्या उघड्या पडलेल्या पट्ट्यावर शेतकरी गाळपेराचं पीक घेतात. फेब्रुवारीतली ती हिरवी, सपाट, पाण्याला लागून असलेली जागा पाहून कुणालाही वाटतं की तंबू इथेच हवा. पण ती जमीन धरणाची आहे, तिच्यावर कुणाचं तरी पीक किंवा कुणाची तरी गुरं अवलंबून आहेत, आणि तिथे टाकलेलं सगळं पुढच्या पावसात पाण्यात जाणार आहे. पाण्यापासून निदान साठ मीटर, म्हणजे दोनशे फूट मागे राहावं, हा जगभरच्या जाणत्या कॅम्पर्सचा दंडक आपल्याकडे तर दुप्पट लागू होतो, कारण हे पाणी खाली लाखो माणसं पितात. साबण, भांड्यांचं खरकटं, शौच, सगळं त्या रेघेच्या अलीकडेच थांबायला हवं.

आता मुक्कामाच्या परंपरेविषयी. तंबूत राहणं आपल्याकडे परदेशातून आलं, असा एक समज आहे. मराठी मुलुखाला डेरे, राहुट्या आणि पालं शेकडो वर्षं ठाऊक आहेत. मराठी फौजांचे तळ पडत, त्यांच्यामागे बाजारबुणगे चालत. आषाढीच्या वारीत आळंदीहून पंढरपूरला निघालेल्या दिंड्यांचे ट्रक पुढच्या मुक्कामी आधी पोचतात आणि वारकरी येईपर्यंत माळावर राहुट्यांचं गाव उभं राहतं. इतक्या मोठ्या तळाची खरी परीक्षा शौचाच्या सोयीपाशी होते, हे वारीनेच शिकवलं. अलीकडे पालखीच्या वाटेवर फिरती शौचालयं दिसतात, ती त्यातूनच. जिथे पन्नास तंबू लागतात तिथे सर्वांत आधी कशाचा विचार करायचा, याचं उत्तर या एका उदाहरणात आहे.

मला मात्र सर्वांत जवळचा वाटतो तो धनगरांचा मुक्काम. दिवाळीनंतर देशावरचे मेंढपाळ घाट उतरून कोकणाकडे निघतात आणि पावसाच्या आधी परततात. घोड्यांच्या पाठीवर संसार, करडं-कोकरं, कोंबड्या, पोरंबाळं असा त्यांचा वाडा गावोगाव उतरतो. एखाद्याच्या शेतात रात्रभर मेंढ्या बसवल्या की त्या जमिनीला लेंडीखत मिळतं. म्हणून शेतकरी धनगरांना आपण होऊन बोलावतो आणि मेंढ्या बसवल्याबद्दल धान्य किंवा पैसे देतो. राहायला आलेल्या माणसालाच यजमान मोबदला देतो, कारण तो उठून जाताना जमीन पहिल्यापेक्षा बरी करून जातो. मुक्कामाची याहून उंच कसोटी मला माहीत नाही. आपण शहरातली माणसं जमिनीला खत देऊ शकणार नाही. पण आपण उठून गेल्यावर त्या जागेला आणि तिथल्या माणसाला आपण पुन्हा यावंसं वाटलं पाहिजे, एवढी अपेक्षा स्वतःकडून ठेवू शकतो. या पुस्तकातलं प्रत्येक प्रकरण मी याच कसोटीवर वाचलं आणि वाचकानेही तसंच वाचावं.

तंबू ठोकणं ही कला आहे आणि ती हाताने शिकावी लागते. सखल खोलगट जागा आडोशाची वाटते, पण रात्री डोंगरउतारावरची गार हवा जड होऊन तिथेच येऊन बसते. थोडी उंचवट्याची जागा उबदार राहते. भंडारदऱ्याला जानेवारीत पारा दहा अंशांच्या खाली जातो तेव्हा हा फरक हाडांना कळतो. तंबूची अरुंद बाजू वाऱ्याकडे ठेवावी, खुंट्या दोरीच्या उलट दिशेला कलत्या ठोकाव्यात. सकाळी तंबू आतून ओला दिसतो तेव्हा तो गळला असं वाटतं. बहुतेक वेळा ती आपल्याच श्वासातली वाफ असते, थंड कापडावर निवलेली. म्हणून चांगल्या तंबूला आत जाळीचा आणि बाहेर पावसाचा असे दोन पदर असतात आणि खिडक्या किलकिल्या ठेवायच्या असतात. थंडी वाजते म्हणून कोळशाची शेगडी आत घेणं हा जीवघेणा प्रकार आहे. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, आणि झोपलेला माणूस झोपेतच जातो. तंबूची चेन कायम लावलेली असावी. कातळावर फुरसं असतं, आणि जमिनीवर झोपलेल्यांना रात्री चावणारी म्हणून मण्यार कुप्रसिद्ध आहे. बूट घालण्याआधी झटकावेत. सर्पदंश झालाच, तर मांत्रिकाकडे किंवा ब्लेडकडे वेळ न घालवता थेट दवाखाना गाठावा.

ग्लॅम्पिंगकडे पाहून नाक मुरडणारे माझे अनेक डोंगरमित्र आहेत. त्यांच्याशी मी सहमत नाही. गुडघे दुखणाऱ्या आईला, तान्ह्या बाळाच्या आईला, व्हीलचेअरवरच्या मुलाला रात्रीचं आकाश पाहायचा हक्क आहेच. स्वच्छ न्हाणीघर आणि उंच पलंग यांमुळे त्यांना तो मिळत असेल, तर ही सोय म्हणजे चैन नव्हे. शिवाय नीट आखलेला ग्लॅम्पिंगचा तळ जमिनीला कमी त्रासदायकही ठरू शकतो: तंबू चौथऱ्यावर असल्याने माती दबत नाही, शौचालय ठरलेल्या जागी असतं, माणसं मोजकी असतात. प्रश्न थाटाचा नसून त्या थाटामागच्या नळाचा, तारेचा आणि गटाराचा आहे. न्हाणीघराचं पाणी कुठे जातं? शोषखड्डा आहे की नळी सरळ ओढ्यात सोडली आहे? एप्रिलमध्ये गावातल्या बाया हंडे घेऊन उतरतात तेव्हा इथला टबबाथ कुठल्या पाण्याने भरतो? रात्रभर जळणाऱ्या माळा कशासाठी? हे प्रश्न बुकिंग करतानाच विचारायला संकोच वाटू नये. ग्राहकाने विचारलं की मालक बदलतो, आणि हा बदल कुठल्याही सरकारी फलकापेक्षा लवकर होतो.

माळांचा उल्लेख केला, त्याला कारण आहे. डोंगरातला अंधार ही आता दुर्मीळ संपत्ती झाली आहे. हिवाळ्यात भंडारदऱ्याच्या काठावर मृग आणि व्याध वर चढतात, कृत्तिकांचा पुंजका नुसत्या डोळ्यांनी मोजता येतो, डिसेंबरच्या मध्यावर मिथुन राशीतून उल्का झडतात. दक्षिणेला क्षितिजापासून फार उंच नसलेला तेजस्वी अगस्ती दिसतो. तिथून खाली प्रवरेकाठी अकोल्याला अगस्ती ऋषींचा आश्रम आहे, हे आठवलं की आकाश आणि खोरं एकमेकांना जोडलं जातं. वळवाचे दोन-चार पाऊस झाले की मेच्या अखेरीस आणि जूनच्या सुरुवातीला घाटघर, साम्रद, रतनवाडी, उडदावणे, पांजरे या गावांभोवतीची झाडं काजव्यांनी उजळतात. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, उंबर, एकेक झाड एकाच लयीत विझतं आणि पेटतं.

हा सोहळा आपल्यासाठी नाही. नर उडता उडता लुकलुकतो, झुडपात किंवा गवतात बसलेली मादी उत्तर देते, आणि त्या संवादावर पुढची पिढी ठरते. प्रौढ काजव्याचं आयुष्य थोड्याच दिवसांचं असतं. गाडीचे दिवे, टॉर्च, मोबाइलचा फ्लॅश यांत ती उत्तरं हरवतात. काजव्याच्या अळ्या जमिनीतल्या ओलीत गोगलगायी खाऊन वाढतात. झाडाखाली हजारो पावलं पडली की त्या चिरडतात. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य १९८६ पासून राखलेलं आहे आणि काजव्यांच्या दिवसांत वन विभाग गर्दीवर निर्बंध घालतो. त्या निर्बंधांबद्दल कुरकुर करणाऱ्यांनी हे गणित समजून घ्यावं. गाडी दूर लावावी, दिवा विझवावा, वाटेवरून खाली उतरू नये, कॅमेऱ्याचा मोह आवरावा. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीसेक मिनिटं द्यावीत. मग जे दिसतं ते कुठल्याही छायाचित्रात मावणारं नाही.

आवाजाचंही तेच. पाण्यावरून आवाज रात्री फार लांब जातो. पवनेच्या एका काठावरचा डीजे समोरच्या तुंगच्या पायथ्याच्या घरात झोपलेल्या म्हाताऱ्याच्या उशाशी वाजतो. त्या तळ्याभोवती लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना असे चार किल्ले पहाऱ्याला उभे आहेत. त्यांतला लोहगड २०२५ साली मराठा लष्करी भूप्रदेशांसोबत जागतिक वारसा यादीत गेला. अशा जागी गाणी म्हणावीत, जरूर म्हणावीत, पण आपल्या गळ्याने, आपल्या शेकोटीपुरती. शेकोटीसाठी लाकूड गावातून विकत घ्यावं, रानातली फांदी तोडू नये, आणि झोपण्याआधी पाणी ओतून राख हाताला गार लागेपर्यंत विझवावी. मार्च-एप्रिलमधल्या वाळल्या गवताला एक ठिणगी पुरते.

राहता राहिला पैशाचा प्रश्न. पवनेकाठचे कितीतरी शेतकरी धरणात जमीन देऊन बसले, उरलेली बंगल्यांच्या मालकांना विकली गेली. ज्यांच्याकडे चार गुंठे राहिले त्यांनी तिथे तंबू लावले आणि मुलाला शहरात वॉचमन म्हणून जाण्यापासून थांबवलं. भंडारदऱ्याकडे महादेव कोळी आणि ठाकर घरांत काजव्यांच्या दिवसांची कमाई खरिपाच्या बियाण्याला उपयोगी पडते. म्हणून तंबू कुणाचा, जमीन कुणाची, स्वयंपाक कुणाच्या हातचा, हे पाहून बुकिंग करावं. शहरातल्या दलालाने तीनपट दर लावून घरमालकाला किरकोळ भाडं द्यावं, हा व्यवहार आपल्याला मान्य नसावा. शासनाने २०२० साली कृषी पर्यटनाचं आणि २०२१ साली साहसी पर्यटनाचं धोरण आणलं. या धोरणांचा लाभ खऱ्या शेतकऱ्याला मिळायचा, तर येणाऱ्या पाहुण्यानेही खऱ्या शेतकऱ्याचं दार शोधायला हवं.

आणि त्या दारात गेल्यावर पनीर बार्बेक्यू मागू नये. अकोले तालुका हा बीजमाता राहीबाई पोपेरे यांचा तालुका आहे. कोंभाळण्याच्या या बाईंनी गावठी वाणांचं बियाणं जपलं आणि २०२० साली त्या पद्मश्रीच्या मानकरी ठरल्या. या मातीत नाचणी, वरई, खुरासणी पिकते. मावळात इंद्रायणी तांदूळ आणि मुळशीकडे आंबेमोहर. मेमध्ये करवंदं-जांभळं, पावसाच्या तोंडावर शेवळं, श्रावणाच्या आगेमागे करटुली, भारंगी, कुरडू. नाचणीची भाकरी, हुलग्याचं पिठलं आणि खुरासणीची चटणी ज्या घरात मिळेल, तिथला मुक्काम पंचतारांकित समजावा. ती भाकरी आपण मागितली, तर ती नाचणी शेतात टिकेल.

हे पुस्तक हातात घेऊन निघणाऱ्यांना एक विनंती आहे. त्यातली ठिकाणं एका हंगामात संपवायची घाई करू नका. एकच काठ निवडा आणि तिथे पुन्हा पुन्हा जा: पाणी भरलेलं असताना, गाळपेराच्या दिवसांत, काजव्यांच्या आधी. घरमालकाचं नाव, त्याच्या गाईचं नाव, बुडालेल्या गावाचं नाव माहीत करून घ्या. मुलांना तंबू स्वतः ठोकू द्या आणि निघताना जागा त्यांच्याकडूनच साफ करून घ्या, आधीच्या कुणी टाकलेल्या बाटल्यांसकट. पाच-सहा माणसांचा तुमचा छोटा गट शिस्तीने राहिला, की शेजारच्या तंबूतले लोकही आवाज कमी करतात, हे मी पाहिलं आहे.

सह्याद्रीतल्या पाण्याकाठचे तळ बंद पाडावेत, अशी मागणी अधूनमधून होते. गोंगाट, कचरा आणि अपघात पाहून ती करणाऱ्यांचा संताप मला समजतो. तरी माझं मत ठाम आहे: माणसांना डोंगरापासून लांब ठेवून डोंगर वाचणार नाही. त्याला जाणकार पाहुणे हवे आहेत, आणि जाणकार पाहुणे तयार करणं हे बंदीपेक्षा अवघड, पण टिकणारं काम आहे. या पुस्तकाने ते काम अंगावर घेतलं आहे. वाचकाने त्यातला आपला वाटा उचलावा, येत्या हंगामातल्या पहिल्याच मुक्कामापासून.